बिनआवाजाच्या गाडीवरचे आण्णा

‘शांतता राखा’ ही पाटी ज्यानं कुणी आमच्या आण्णांच्या दवाखान्यात लावली ना, त्याला एकदा माझ्यासमोर आणून उभा करा. चार गोष्टी ऐकवायच्या आहेत त्याला. त्या पाटीपायी आमच्या घरात जी शांतता पसरली, ती राखता राखता आमच्या नाकी नऊ आले.

आण्णा म्हणजे माझे वडील, भाऊसो कांबळे, राहणार कसबा बावडा. आणि ‘आण्णांचा दवाखाना’ म्हणजे त्यांच्या मालकीचा नव्हे हो, ते तिथं ड्रायव्हर होते. दवाखान्याचं नाव सांगत नाही. सांगून आता कुणाचं भलं व्हायचंय?

नव्वद-ब्याण्णवच्या सुमाराला आण्णा जयसिंगपूरच्या एका व्यापाऱ्याचा टेम्पो चालवायचे. माल भरायचा, कोकणात उतरवायचा, रिकामा टेम्पो घेऊन परत यायचं. घरी आले की झोप. लहानपणी मला आण्णा आठवतात ते आडवेच, तोंडावर टॉवेल टाकलेले. आई, म्हणजे सरुबाई, आम्हाला दटावायची, “गप बसा, मालक झोपल्यात.” दमलेल्या माणसाचं घर कसं असतं ते मला कुणी सांगायला नको, मी त्याच घरात वाढले.

पण लग्नसराई आली की हाच माणूस उभा राहायचा. पांढरी पँट, पांढरा शर्ट, समोर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो, मेणबत्त्या, आणि पुढ्यात नवरा-नवरी. आण्णा बौद्धाचार्य होते. आमच्यात लग्न लावतात ते. ते पाली गाथांची एकेक ओळ म्हणायचे आणि सगळा मांडव त्यांच्या मागून म्हणायचा. आवाज असा भरलेला की मध्येच लाईट जाऊन माइक बंद पडला, तरी शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला सगळं ऐकू जायचं. मांडवामागं आचारी भाजी ढवळायचा थांबायचा. बावड्यात आमच्या पिढीतली निम्मी लग्नं आण्णांच्या आवाजात लागली असतील, आणि त्यांनी कुणाकडून चहाच्या कपापलीकडं काही घेतलं नाही.

अशाच एका लग्नाहून परतताना सायकलच्या कॅरिअरवर बसून मी विचारलं होतं, “आण्णा, माझं लग्न कोण लावणार?”

“मी हाय की,” आण्णा म्हणाले. “तुज्या लग्नाला दुसऱ्या कुणाला हुबा ऱ्हाऊ दीन व्हय?”

घरी येऊन मी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, “पोरीचा बाप लगीन लावत बसला, तर पावण्यांच्याकडं कोण बघंल?” पण तिलाही ते आवडलं होतं. तेव्हापासून आमच्या घरात ते ठरूनच गेलं. नवरा कोण, गाव कुठलं, कशाचा पत्ता नव्हता, पण माझ्या लग्नातल्या गाथा आण्णा म्हणणार, हे पक्कं होतं.

पुढं घाटातल्या रात्रींनी आण्णांची कंबर गेली आणि रात्रीचं दिसायचं कमी झालं. टेम्पो सोडला आणि दोन हजार सहा साली या दवाखान्यात लागले. तेव्हा दवाखान्यानं नवीन बॅटरीची गाडी घेतली होती. पांढरी, बिनदाराची, दोन बाकडी टाकलेली. गेटपासून मागच्या वॉर्डांच्या इमारतीपर्यंत चढाचा अरुंद रस्ता आहे, एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला गटार. त्या रस्त्यानं म्हातारी माणसं, बाळंतिणी, प्लास्टरवाले, यांना नेऊन सोडायचं, हे आण्णांचं काम. पहिल्या दिवशी घरी आले आणि म्हणाले, “काय गाडी हाय! चालू हाय का बंद, माझं मलाच कळंना.”

आम्ही हसलो. हसायचं काय होतं त्यात, आता मला कळत नाही.

कारण गाडीला आवाज नाही म्हटल्यावर चालणाऱ्या माणसाला ती कळणार कशी? पुढून दिसली तर दिसली. आणि दवाखान्यात कोण मागं वळून बघत चालतं? माणसं आपल्याच काळजीत असतात. हातात डबा, डोक्यात रिपोर्ट. हॉर्न होता, पण भिंतीवर ती ‘शांतता राखा’ची पाटी, त्यामुळं तो वॉर्डातल्या मोठ्या डॉक्टरांना खपेना, म्हणून काढून टाकला. त्याच्या जागी पुण्याच्या ज्या कंपनीनं गाडी दिली तिनं एक डबी बसवून दिली होती. गाडी चालू लागली की डबीतनं हळू टिंगटिंग वाजायचं, म्हणजे पुढच्याला कळावं. कल्पना झकास! पण त्या डबीचं काय बिनसलं होतं देव जाणे. गाडी थांबली की ती वाजायची, आणि गाडी हलली की गप.

तुम्ही म्हणाल, मग नाहीच वाजली असं समजायचं. तसं नसतं हो. अजिबात न वाजणारी परवडली. ही वाजायची, म्हणून माणसं तिच्यावर भरवसा ठेवायची. गाडी गेटाशी उभी, टिंगटिंग चाललंय, माणसं भिंतीला चिकटून वाट बघतायत की गाडी येणार. मग टिंगटिंग थांबायचं. माणसं म्हणायची, चला, गाडी थांबली, आणि नेमकी तेव्हाच रस्त्यात उतरायची. आणि नेमकी तेव्हाच आण्णांची गाडी निघालेली असायची.

राधानगरीकडच्या तानाबाई म्हणून एक बाई होत्या. मुलाला ॲडमिट केलं होतं. त्या अशाच आवाज थांबला म्हणून पाऊल टाकून रस्त्यात आल्या आणि गाडीचं चाक त्यांच्या पायाच्या बोटांवरनं गेलं. आण्णा घरी आले ते जेवलेच नाहीत. दुसऱ्या दिवसापासून आई दोन डबे भरायला लागली, एक आण्णांचा आणि एक तानाबाईंचा. तानाबाई बऱ्या होऊन गावी गेल्या, जाताना आण्णांना म्हणाल्या, “तुमची चूक न्हाय पावणं, मी ऐकलं की, गाडी थांबलीती.” तो शब्द आण्णांना लागला. तानाबाईंनी ऐकलं होतं, आणि जे ऐकलं ते खोटं होतं.

त्या दिवशी आण्णांनी मॅनेजरला सांगून डबीची वायर तोडून टाकली. मॅनेजर म्हणाले, “नवीन पार्ट सांगितलाय, पुढच्या आठवड्यात येतोय. तोवर जरा तोंडानं सांभाळा.” आण्णांनी तोंडानं सांभाळायला सुरुवात केली.

त्यातही गंमत बघा. पहिले काही दिवस आण्णा ओरडायचे, “पावणं, सरका!” आता कोल्हापुरात कुणाला पाठीमागनं ‘पावणं’ म्हणा, तो सरकतोय होय? तो जागच्या जागी थांबणार, वळणार आणि म्हणणार, “काय वो? कुटलं गाव तुमचं?” आणि हा सगळा पाहुणचार रस्त्याच्या मधोमध, चढावर, मागं गाडीत प्लास्टरवाला पेशंट कण्हतोय! एकदा तर एकजण गाडीत चढूनच बसला. त्याला वाटलं, बोलावतायत. मग आण्णांनी ‘पावणं’ सोडलं. ‘हो हो हो’ करून बघितलं, तर एक दूधवाला भडकला, “म्हसरं हाकलतोयस व्हय रं?” शेवटी “गाडी आलीऽऽ, गाडीऽऽ” असं लांब सूर लावून ओरडायचं ठरलं. वर चढताना ओरडायचं, खाली उतरताना ओरडायचं. एक नर्स म्हणाली, “भाऊसो मामा, एवढा चांगला आवाज आहे, तर लग्नात म्हणता ते म्हणत जा की, लोकांना बरं वाटेल.” आण्णा म्हणाले, “त्यो आवाज हितं काढायचा न्हवं.”

पुढचा आठवडा आला आणि गेला. पार्ट काही आला नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली, वर्ष उलटलं. आण्णा विचारायला गेले की मॅनेजर म्हणायचे, “पुण्याला फोन केलाय.” एकदा मी स्वतः गेले. तोवर मी बावड्यातच एका हायस्कूलमध्ये शिक्षिका झाले होते, म्हटलं आपलं ऐकतील. मॅनेजरनी मला चहा दिला आणि म्हणाले, “मॅडम, खरं सांगू का? तुमच्या वडिलांच्यामुळं आम्हाला काही अडचणच नाही. त्यांच्या गाडीखाली आता एक माणूस येत नाही.”

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हणजे बघा हं, आण्णा घसा फोडून ओरडत होते, म्हणून कुणाला काही होत नव्हतं. आणि कुणाला काही होत नव्हतं, म्हणून पार्ट येत नव्हता. मी घरी येऊन आण्णांना म्हटलं, “तुम्ही एक दिवस ओरडू नका. बघा कसा पार्ट येतोय.”

आण्णा म्हणाले, “आनि त्या एका दिवसात कोन आलं गाडीखाली, म्हंजी?”

 

दोन हजार आठच्या दिवाळीत माझं लग्न ठरलं. जयसिंगपूरचं स्थळ, सम्राट नाव, तोही शिक्षक. लग्न पुढच्या मे महिन्यात धरलं. बैठकीत सम्राटच्या घरच्यांनी विचारलं, “लग्न लावायला कोण?” तर आण्णा छाती पुढं काढून म्हणाले, “मी.” पण ते ‘मी’ फाटकं आलं. सगळ्यांनी ऐकलं. आण्णांनीही ऐकलं. सकाळी आवाज बसलेला असायचा आणि संध्याकाळी नसायचाच, पण सर्दी झाली असेल म्हणून आम्ही काढा करून देत होतो.

जानेवारीत त्याच दवाखान्यातल्या घशाच्या डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीनं बघितलं. म्हणाल्या, “गाठी आल्यात. एवढं ओरडणं बंद करा, नाहीतर आवाज जाईल. नुसतं बोलणंसुद्धा कमी करा.” आण्णांनी त्यांना एकच विचारलं, “मे महिन्यापातूर ऱ्हाईल का?” त्या म्हणाल्या, “जेवढा कमी वापराल तेवढा राहील.”

आई म्हणाली, रजा टाका. आण्णांनी टाकलीही. त्यांच्या जागी दुसरा ड्रायव्हर बसवला. तो कशाला ओरडतोय? तिसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्याला धक्का बसला, तो गटारात पडला आणि त्याचा हात मोडला. आण्णांच्या कानावर आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा इस्त्रीचा शर्ट घालून कामावर हजर. आई दारात आडवी उभी राहिली, तर तिला बाजूला करून गेले.

मग आण्णांनी आपल्या मनाशी हिशेब मांडला. दवाखान्यातलं ओरडणं कमी होण्यासारखं नाही. म्हणजे कमी करायचं ते घरातलं बोलणं. आणि फेब्रुवारीपासून आमच्या घरात आण्णा बोलायचेच बंद झाले.

बोलायचे बंद म्हणजे अगदी मुके. चहा पाहिजे तर एक टाळी. पहिल्यांदा टाळी वाजवली तेव्हा आई उसळली, “मी काय हाटेलातला वेटर हाय व्हय, टाळ्या वाजवून बोलवाय?” मग ताटलीवर चमचा वाजवायला लागले. आईनं चमचा काढून घेतला. शेवटी नुसतं बघायचे आणि आई ओळखायची. दिवसभर त्या चढावर सगळ्या दुनियेसाठी ‘गाडी आलीऽऽ’ आणि संध्याकाळी आमच्या वाट्याला मान हलवणं. मला सांगा, कुणाला राग येणार नाही?

आणि ते दिवस कसले होते! माझे घरातले शेवटचे दिवस. मला आण्णांशी किती बोलायचं होतं. सासरचं घर मोठं, माणसं भरपूर. नोकरीचं काय करायचं, बदली मिळेपर्यंत रोज जयसिंगपूरहून ये-जा झेपेल का, सासूबाई ‘नोकरीची गरज काय’ म्हणाल्या त्याचा अर्थ काय घ्यायचा. मी शाळेतून यायची, आण्णांपुढं बसायची, सगळं ओतायची. आण्णा ऐकायचे, मान हलवायचे, कधी डोक्यावर हात ठेवायचे. मग घशाकडं बोट दाखवून दोन्ही हात जोडायचे, लग्नात उभे राहतात तसे. म्हणजे, तुझ्या लग्नासाठीच राखतोय गं. मला कळायचं. कळायचं म्हणूनच जास्त चिडायची. भिंतीशी बोलावं आणि भिंतीनं माया करावी, असलं काहीतरी चाललं होतं.

हळदीचा दिवस आला. आमच्यात हळद लावू नये म्हणणारे आहेत, पण आयाबायांपुढं कुणाचं चालतं? दुपारी अंगणात बायका जमल्या, गाणी सुरू झाली. मला बसवायचं म्हणून शोधाशोध चालली होती आणि मी आण्णांना शोधत होते. ते घरामागं पाण्याच्या टाकीजवळ उलट्या बादलीवर बसले होते. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. आवाज नव्हता. उद्याच्या गाथा ते नुसत्या ओठांनी घोकत होते. चुकलं की थांबायचे, परत सुरू करायचे.

मी बघत उभी राहिले. उद्या संध्याकाळी मी या घरातून जाणार. हा आवाज उद्या सगळ्या मांडवाला मिळेल. माझ्याशी मात्र तीन महिने हा माणूस बोललेला नाही, आणि उद्यानंतर कधी बोलणार?

मी म्हटलं, “आण्णा, उद्या लग्न तुम्ही लावू नका.”

आण्णांनी डोळे उघडले. त्यांना वाटलं, मला त्यांच्या आवाजाचा भरवसा वाटत नाही. चेहरा असा पडला त्यांचा, की मला बघवेना. मग तीन महिन्यांत पहिल्यांदा ते माझ्याशी बोलले. घोगरं, पण बोलले.

“ठेवलाय की गं आवाज. येतोय बग.”

“ठेवलाय ते कळतंय मला,” मी म्हटलं. मला रडू फुटलं होतं आणि रागही आला होता, दोन्ही एकदम. “तो मला आत्ता पाहिजे. उद्याच्या गाथा आकाराम काका म्हणतील. बापाचं बोलणं काय आकाराम काका बोलतील व्हय?”

आकाराम काका म्हणजे आण्णांचे चुलतभाऊ, तेही बौद्धाचार्य.  अंगणातून बायका मला हाका मारत होत्या. मग आण्णांनी दुसरी बादली पालथी घातली आणि म्हणाले, “बस.”

आणि बोलले हो, आण्णा बोलले. पहिलं वाक्य काय, तर “नोकरी सोडू नगंस. कुणी गोड बोललं तरी न्हाय, कुणी रडलं तरी न्हाय.” मग म्हणाले, भांडण झालं तर आधी जेवून घे, उपाशी पोटी भांडलेलं माणूस हरतं. मी जन्मले तेव्हा ते आंबोलीच्या घाटात होते, टेम्पो बंद पडला होता, घरी पोचले तेव्हा मी बारशाच्या वयाची झाले होते, हे मला त्या दिवशी कळलं. “तुज्या शाळंत एकदा येऊन मागं बसायचं हुतं, तू शिकवतीस कशी बघाय,” म्हणाले, “ऱ्हाऊनच गेलं बग. झोपच लई यायची.” आई मला न्यायला तणतणत आली, आण्णांचा आवाज ऐकून जागीच थांबली. “आवो, उद्या लगीन हाय. आवाज जाईल,” ती म्हणाली. आण्णा म्हणाले, “जाऊ दे.” आईनं पदर कमरेला खोचला होता तो सोडला आणि तीही आमच्याजवळ खाली बसली. ऊन उतरेपर्यंत आण्णा बोलत होते. शेवटी शेवटी शब्द अर्धे यायचे, अर्धे नुसते वारा.

लग्न आकाराम काकांनी लावलं. चष्मा पुसून पुसून, दोन ठिकाणी अडखळत, पण लावलं. लोकांनी आण्णांना विचारलं, “भाऊसो, तू का न्हाय?” आण्णांनी नुसतं हसून हात हलवला. काहीजण नाराज झाले. एक आत्या तर मला तोंडावर म्हणाली, “बापाचा मान घालवलास.” तिला काय सांगायचं? पाठवणीला आण्णा माझ्यापुढं उभे राहिले, तोंड उघडलं, काही आलं नाही.

त्यानंतर ऑपरेशन झालं. गाठी निघाल्या, आवाज परतला नाही. समोर बसून कान जवळ नेला तर कुजबूज कळते, तेवढंच. गाडीवर ओरडायला आता आण्णा उपयोगाचे नव्हते. मग काय झालं माहितेय? पंधरा दिवसांत पुण्याहून पार्ट आला. हो, आला! तीन वर्षं न येणारा पार्ट एका खोक्यात बसून आला, आणि आता म्हणे झकास वाजतो. मी तो ऐकायला गेलेली नाही. जायची नाही.

मला लोक विचारतात, वाईट वाटत नाही का? वडिलांच्या आवाजात लग्न लागायचं राहिलं. खरं सांगते, नाही वाटत. ती दुपार मी कुणाला देणार नाही. मात्र दमायला होतं कधी कधी, आण्णांचा विचार करून. आयुष्यभर दुसऱ्यांचा माल वाहिला, दुसऱ्यांची लग्नं लावली, दुसऱ्यांच्या गाडीचा आवाज झाले, आणि स्वतःच्या पोरीशी बोलायला एक दुपार मिळाली.

दर रविवारी मी बावड्याला फोन करते. आई फोन आण्णांच्या कानाला लावते. मी सगळं सांगत राहते. शाळा, मुलं, बदलीचं काय झालं, सासूबाईंशी कशावरून वाजलं आणि भांडायच्या आधी मी कशी पोटभर जेवले. आण्णांची कुजबूज फोनमधून येत नाही. नुसता श्वास ऐकू येतो. मग आई फोन घेते आणि म्हणते, “व्हय म्हणत्यात.”

“अजून काय म्हणतायत?”

“काय न्हाय. हसत्यात.”

“बरं,” मी म्हणते. “मग अजून थोडा वेळ लाव त्यांच्या कानाला.”